केळव्याचा किनारा आणि पाऊणकीचा पाढा

द्वितीय वर्ष, कला शाखा

आमच्या सालवडहून समुद्र फार दूर नाही. औद्योगिक वसाहतीतले कारखाने, मग पास्थळ-कुरगाव, मग तारापूर आणि चिंचणी, की लागला किनारा. संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर उभे राहिले, तर कारखान्यांच्या वासातूनही पश्चिमेचा खारट वारा ओळखता येतो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेही समुद्राच्या काठालाच, कारण त्याच्या यंत्रांना थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी लागते. असा हा समुद्र आमचा शेजारी आहे. परंतु वर्षानुवर्षे शेजारी राहूनही एकमेकांच्या घरी न गेलेली माणसे असतात ना, तशी आमची आणि समुद्राची ओळख होती.

याचे कारण आमच्या घराच्या इतिहासात आहे. माझे वडील चोपडा तालुक्यातून कारखान्यात कामाला आले. आई त्यांच्या मागून आली. आमच्या घराण्यात पाणी म्हणजे विहिरीचे, नळाचे, फार तर तापीचे. पोहणे कोणालाच येत नाही. महाविद्यालयाची पायरी चढणारी मी घरातली पहिली. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचे प्रकरण मी दहावीच्या आधीच वाचले होते, आकृती काढून गुणही मिळवले होते. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाणाची भरती येते, हे मला पाठ होते. पण ती भरती माझ्या पायांपर्यंत येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. ती आली तेव्हा काय झाले आणि त्यातून मी काय शिकले, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी सहली निघतात आणि त्यांतली निदान एक तरी समुद्राकडे जाते. म्हणून हा विषय केवळ माझ्या घरापुरता नाही, असे मला वाटते.

गेल्या मे महिन्यात माझी आत्या मुलांना घेऊन सुट्टीत आमच्याकडे आली. मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. चिंचणी जवळ असली तरी पाहुण्यांना केळवेच दाखवायचे असे ठरले, कारण आमच्या भागात 'समुद्र पाहायला जाणे' याचा अर्थच पुष्कळदा केळव्याला जाणे असा असतो. रविवारी सकाळी बोईसरहून लोकल पकडली. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसांना असा एका दिवसाचा प्रवास सोपा झाला आहे. उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड. स्थानकापासून गाव काही किलोमीटर पश्चिमेला आहे. रिक्षा वाड्यांमधून जाते. दोन्ही बाजूंना नारळ, केळी आणि पानवेली. केळवे-माहीमची पाने पूर्वीपासून नावाजलेली आहेत. खानदेशच्या मे महिन्यातून आलेल्या आत्याला ती गर्द सावली पाहूनच अर्धे समाधान झाले.

शीतलादेवीचे दर्शन घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो, तेव्हा साडेनऊ वाजले असतील. सुरूच्या झाडांची लांब रांग, तिच्या खाली चहा, भजी, कैरी, शहाळी यांच्या टपऱ्या, मुलांना फिरवणारे घोडे आणि रविवारची गर्दी. समोर मैलोगणती पसरलेली सपाट वाळू. आणि समुद्र? समुद्र पार लांब, चंदेरी पट्टीसारखा. मुलांचा हिरमोडच झाला. "एवढ्या लांब आलो आणि पाणी कुठे आहे?" असे आत्याचा तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला. तेव्हा पाण्यापर्यंत चालत जायचे ठरले. आई आणि आत्या सावलीत बसल्या. वडील, मी आणि तो मुलगा निघालो. वाटेत एका ठिकाणी वाळू थोडी खोलगट होती, तिच्यात घोट्याइतके पाणी होते. ते तुडवताना मौज वाटली. पलीकडे पुन्हा वाळूचा कोरडा उंचवटा लागला आणि त्याच्या पुढे लाटा. आम्ही तिथे तासभर रमलो. शिंपले गोळा केले, खेकड्यांची नक्षी पाहिली. वडील चपला हातात धरून उभे होते. त्यांना मी इतके निवांत क्वचितच पाहिले आहे.

मग कोणीतरी ओरडल्याचा आवाज आला म्हणून आम्ही मागे वळलो. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी होते.

लाटा समोरून येत होत्या, म्हणून आमचे सगळे लक्ष समोर होते. पण पाणी मात्र पाठीमागून शिरले होते. ज्या खोलगट जागेतून आम्ही घोटाभर पाण्यातून आलो होतो, तिथे आता तीस-चाळीस पावले रुंद ओहोळ आडवा वाहत होता. त्याचा वेग दिसत होता, खोली दिसत नव्हती. वडिलांनी एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने मला धरले. हातातल्या चपला केव्हा सुटल्या ते त्यांना कळलेही नाही. सरळ किनाऱ्याकडे निघावे असे त्यांनी पाऊल टाकले, तेवढ्यात पलीकडून एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात हलवत पाण्यात उतरले. "सरळ येऊ नका! डावीकडं चला, डावीकडं!" असे ते ओरडत होते. ते स्वतः काठाकाठाने डावीकडे चालत राहिले आणि आम्ही त्यांच्या समोर समोर वाळूवरून. बरेच पुढे गेल्यावर त्यांनी थांबवले आणि हात पुढे करून आम्हाला पाण्यातून आणले. तिथे पाणी माझ्या कमरेला लागले, मुलाच्या छातीला. आधीच्या जागी ते किती असते, हे मी त्यांना विचारले नाही.

सुरूखाली आल्यावर आई काही बोलली नाही. आत्या मुलाला पोटाशी धरून रडली. वडील बराच वेळ वाळूकडे पाहत बसले. त्या गृहस्थांची सगळी हयात मासेमारीत गेलेली. आता होडीवर मुले जातात आणि ते सावलीत जाळी विणत बसतात. मी त्यांना म्हटले, "काका, पाणी एवढ्या लवकर कसं आलं?" त्यावर ते म्हणाले, "लवकर कुठं? वेळेवर आलं. आज तीज. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला भरती पुरी. तुम्ही विचारून गेला असतात तर सांगितलं असतं."

'तीन पाऊणे सव्वादोन' याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही. घरी परतल्यावर मी वही घेऊन बसले. भिंतीवरचे कालनिर्णय काढले, भूगोलाचे जुने पुस्तक काढले, आणि म्हाताऱ्या काकांचे एक वाक्य मला पुढे कित्येक दिवस पुरले.

आधी पुस्तकातला भाग पाहू. चंद्राच्या आकर्षणाने पृथ्वीवरचे समुद्राचे पाणी दोन ठिकाणी फुगते : चंद्राच्या बाजूला आणि त्याच्या नेमके विरुद्ध बाजूला. जवळच्या बाजूला चंद्राची ओढ अधिक, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे दोन्हीकडे फुगवटा येतो. याचे गणित न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आपला किनारा दिवसातून दोनदा या फुगवट्यांखालून जातो, म्हणून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. चंद्रही दरम्यान पुढे सरकत असल्यामुळे हे चक्र २४ तासांत पूर्ण न होता सुमारे २४ तास ५० मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटे, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. आज सकाळी दहाला आलेली भरती उद्या साडेदहानंतर येणार. आपल्या घड्याळाशी समुद्राचे जमत नाही ते यामुळे. रविवारी दहा वाजता एक मनुष्य किनारा पाहून येतो आणि मित्राला सांगतो, "दहाला जा, पाणी लांब असतं." मित्र पुढच्या रविवारी दहाला जातो, तेव्हा तिथे पाणी काठोकाठ असते.

आता काकांचा भाग. समुद्राची वेळ घड्याळाशी जुळत नाही, पण चंद्राशी जुळते, आणि आपली तिथी म्हणजे चंद्राचीच मोजणी. पूर्वीच्या मराठी शाळेत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. कोकणच्या किनाऱ्यावर त्याचा असा उपयोग करतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. तृतीया असेल तर सव्वादोन. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, त्यांची येते सव्वाअकरा. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच.

मला हे गणित बरोबर कसे येते याचे कुतूहल वाटले, म्हणून मी ते तपासून पाहिले. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ बरोबर १२ तास पुढे सरकून पुन्हा जागेवर येते. बारा तासांची मिनिटे ७२०. त्यांना पंधराने भागले तर एका तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणकीत ती ४५ धरली आहेत. म्हणजे चूक आहे ती तिथीमागे तीन मिनिटांची! पंधरवड्याच्या अखेरीस ही चूक पाऊण तासावर जाते, म्हणून पौर्णिमेला भरती प्रत्यक्षात सव्वाअकराऐवजी बाराच्या सुमारास येते. घड्याळ, दुर्बीण, पुस्तक यांपैकी काहीही हाताशी नसताना ज्यांनी हा ठोकताळा बसवला, त्यांना मी तोपर्यंत 'अशिक्षित' या एका शब्दात बसवत होते. अर्थात ठोकताळा तो ठोकताळाच. वारा, खाडी, किनाऱ्याचा आकार यांमुळे वेळ मागेपुढे होते. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून होत आली आहे. मात्र कोष्टक विसरले तरी तिथी लक्षात राहते. सहलीला जाणाऱ्याने पाऊणकी करून दोन्हीकडे एकेक तासाची सूट ठेवली तर ती पुष्कळ उपयोगी पडते.

परंतु भरती केव्हा पूर्ण होते एवढे कळून भागत नाही. पाणी चढते कसे, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे. माझी समजूत अशी होती की सहा तासांत पाणी चढायचे तर दर तासाला सारखेच चढत असेल. तसे नसते. खलाशी लोक यासाठी बारा हिश्शांचा नियम वापरतात. समजा, ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी एकंदर बारा फूट चढते. तर पहिल्या तासात ते एक फूट चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. ओहोटीला नुकतीच सुरुवात झाल्यासारखे पाणी शांत पडलेले दिसते, माणूस निर्धास्त होतो, आणि तो निर्धास्त झालेला असतानाच तिसरा तास सुरू होतो.

त्या दिवशीचा आमचा हिशेब मी या नियमात घालून पाहिला. सव्वादोनला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. आम्ही खोलगट जागा ओलांडली ती दहा वाजता, म्हणजे तिसऱ्या तासाच्या आरंभी. मागे वळून पाहिले ते अकराला, म्हणजे तो तास संपताना. तेवढ्या वेळात पाणी तीन फूट चढले. घोट्याला लागणारे पाणी कमरेपर्यंत आले. यात चमत्कार कोणताच नव्हता. समुद्राने काही दगाही दिला नव्हता. आम्हीच दिवसातला सर्वांत वाईट तास निवडला होता.

आता वाळूच्या उताराचा विचार करू. केळव्याची वाळू जवळजवळ सपाट आहे, आणि ह्याच गोष्टीसाठी ती लोकांना आवडते. क्रिकेट खेळता येते, घोडा पळवता येतो, लहान मूल सोडले तरी भीती वाटत नाही. पण समजा उतार पन्नासाला एक आहे, म्हणजे पन्नास फूट पुढे गेल्यावर एक फूट उतरतो. तर पाणी एका तासात तीन फूट चढले की ते वाळूवर दीडशे फूट आत येते. मिनिटाला अडीच फूट! त्यातही सपाट किनारा खरोखर सपाट नसतो. लाटा वाळू ओढून किनाऱ्याला समांतर असे उंचवटे आणि चर तयार करतात. ओहोटीत चर कोरडे असतात, म्हणून ते ध्यानात येत नाहीत. भरतीचे पाणी आधी या चरांत शिरते आणि उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाला बेटावर अडकवते. ज्याला पोहता येत नाही तो बेटावरून सरळ किनारा गाठायला जातो आणि चराच्या सर्वांत खोल भागात उतरतो. काकांनी आम्हाला डावीकडे नेले, कारण चर कुठे उथळ होतो ते त्यांना माहीत होते.

आमच्या भागात हे सर्व अधिक लक्षात ठेवायला हवे, कारण आपली भरती मोठी असते. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे. त्यात शिरणारे पाणी अरुंद होत जाणाऱ्या जागेत दाबले जाऊन उंच उठते. म्हणून दक्षिण कोकणापेक्षा मुंबईची भरती मोठी, मुंबईपेक्षा उत्तरेला आणखी मोठी, आणि भावनगरला तर ती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक. पालघरचा किनारा या वाटेवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक ग्रंथात भडोचकडे जाणाऱ्या जहाजांची भरतीमुळे कशी त्रेधा उडते त्याचे वर्णन आहे. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे येत आणि परक्या जहाजांना वाट दाखवून बंदरात नेत, असेही त्यात सांगितले आहे. इतिहासाच्या तासाला हे मी व्यापाराचा पुरावा म्हणून लिहून घेतले होते. आता ते वाचताना मला पाण्यात उतरून हात हलवणारे काका दिसतात. दोन हजार वर्षांत जहाजे बदलली, पण परक्या माणसाला वाट विचारावीच लागते, हे बदललेले नाही.

पंधरवड्यात सर्व भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत पडते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती एकमेकांना काटकोनात येते, तेव्हा भांगाची भरती. तिला पाणी कमी चढते आणि कमी उतरते. भरती उठवण्यात चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून थोडा अधिक असतो, म्हणून भांगातही भरती येतेच. उधाण तेवढे धोक्याचे आणि भांग सुरक्षित, असे मानणे मात्र मोठी चूक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीची तिथी पाहिली तर ती वद्य अष्टमी आहे. भांगच होता. आमच्या केळव्यालाही मार्च २०२२ मध्ये चार तरुण मुले बुडाली. वृत्तपत्रांत अशा बातम्यांच्या शेवटी 'पाण्याचा अंदाज न आल्यामुळे' असे शब्द असतात. हे शब्द मी किती वेळा वाचले असतील! पण अंदाज येणे ही काही दैवाची देणगी नाही. तो करायचा असतो, आणि तो कसा करायचा हे शिकता येते.

भरतीखेरीज आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे, ती म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आलेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट शोधते. उंचवट्यांमधल्या फटीतून ते एकवटून आत धावते. अशा जागी लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत वाटते, आणि नवखा मनुष्य नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडले तर तो दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. त्याने अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकावे. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघाले की लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. काठावर असलेल्यांनी एकामागून एक उड्या टाकू नयेत. दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाताला लागेल ते फेकावे आणि गावातल्या माणसांना हाक द्यावी. खाडीच्या मुखापाशी तर पोहायला उतरूच नये. केळव्याच्या दक्षिणेला दांड्याची खाडी आहे. तिथे पोर्तुगीज काळातला पाणकोट उभा आहे. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते आणि भरतीला त्याला पाण्याचा वेढा पडतो. तो पाहायला जाणाऱ्याने तिथी विचारूनच पाऊल उचलावे.

आयर्लंडसारख्या देशांत गावाला लागून असलेल्या मोठ्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. ते लाल-पिवळे दोन झेंडे रोवतात आणि लोकांनी त्या दोहोंच्या मध्येच पोहायचे असते. लाल झेंडा लागला की पाण्यात उतरणे बंद. गोव्यातही २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची मोठी व्यवस्था आहे. अशी सोय सर्व किनाऱ्यांवर व्हावी, असे कोणालाही वाटेल. पण झेंडा लावणारा नसेल तिथे आपण काय करायचे? माझ्या मते त्याचे उत्तर सोपे आहे. सहल ठरवताना बसचे भाडे आणि जेवणाचा खर्च यांबरोबर तिथी पाहावी आणि भरतीची वेळ सूचनाफलकावर लिहावी. ओहोटी पूर्ण झाली की वाळूवरून माघारी फिरावे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर शहाळे घेण्याआधी जवळच्या कोळी बांधवाला विचारावे, "आज पाणी कधी भरणार?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. आम्हाला तो विचारण्याचे सुचले नाही, याचे कारण एवढेच की समुद्र पाहण्यासाठी आम्ही आलो होतो आणि त्यात काही शिकण्यासारखे असते असे आम्हाला वाटलेच नव्हते.

जूनपूर्वी आम्ही पुन्हा एकदा केळव्याला गेलो. वडिलांनीच विषय काढला. म्हणाले, "त्या माणसाला आपण नीट आभारसुद्धा म्हटलं नाही." काका त्याच सुरूखाली भेटले. आईने डब्यात नेलेले कळण्याच्या भाकरीचे तुकडे आणि ठेचा त्यांनी चवीने खाल्ला. तिथी सप्तमी होती. मी म्हटले, "सात पाऊणे सव्वापाच." ते हसले आणि म्हणाले, "आता जा, पाय भिजवून ये. तासाभरात परत."

ही सगळी हकीकत मी चोपड्याला आजोबांना फोनवर सांगितली. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पाऊणकी म्हटल्याबरोबर त्यांनी एका दमात शेवटपर्यंत म्हणून दाखवली, कुठेही न अडखळता. आम्ही त्यांच्या या पाढ्यांना घरात नेहमी हसत असू. मग जरा थांबून ते म्हणाले, "पाढा येतो गं, पण समुद्र नाही पाहिला कधी."

या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना बोलावले आहे. अमावास्येचे उधाण ओसरल्यावरचा, अष्टमीच्या आसपासचा एक दिवस मी कालनिर्णयात पेन्सिलीने खूण करून ठेवला आहे. भरतीची वेळ त्यांनीच सांगायची, असे ठरले आहे.